ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळतोय? आधी ऑइल जातंय कुठे ते बघा

ब्रेक ऑइलची डबी मॅक्सपर्यंत भरली आणि आठ-पंधरा दिवसांत परत मिनिममला आली तर समजायचं की कुठेतरी गळतंय. पॅड झिजले की लेव्हल थोडी उतरते हे खरं, पण त्याला महिने लागतात. आता इथे बरेच जण घाई करतात, नवीन मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला प्रेशर देणारा भाग) आणून बसवतात आणि मग कळतं की गळती मागच्या चाकात होती. म्हणून आधी चारही चाकांच्या आतल्या बाजूने बघा, रबरी होज बघा, पाइपचे जोड बोटाने चाचपून बघा. सगळं कोरडं ठणठणीत असेल तरच बॉनेटकडे या.

मास्टर सिलिंडर बूस्टरच्या, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या, काळ्या गोल डब्यावर दोन नटांनी बसवलेला असतो. दोघांच्या सांध्याखाली बूस्टरचा रंग फुगलाय किंवा पापुद्रे सुटलेत का ते बघा, ब्रेक ऑइल रंग खातं त्यामुळे ही खूण सहसा खोटी नसते. तिथे टिश्यू पेपर दाबून बघा. पण कधीकधी मागचं सील गेलेलं असतं आणि ऑइल सरळ बूस्टरच्या पोटात जातं, बाहेर थेंबसुद्धा दिसत नाही, अशा वेळी दोन नट काढून सिलिंडर पाइपला ताण न देता जरासा पुढे सरकवायचा, मागचं तोंड ओलं असेल तर चोर सापडला. बूस्टरमध्ये ऑइल साचलं असेल तर तेही उपसून काढा, त्याने आतला पडदा खराब होतो.

कधीकधी गळतात फक्त डबीखालची दोन रबरं. ती बदलली की काम संपलं, सिलिंडर खोलायची गरजच नाही.

आणि ऑइल अजिबात कमी होत नाही, पण इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसत जातं, असं असेल तर बहुतेक वेळा आतली रबरं प्रेशर धरत नाहीयेत. ही गळती डोळ्याला दिसत नाही पण तितकीच वाईट. दोन्ही प्रकारांत गाडी चालवत राहू नका. सिलिंडरमध्ये दोन वेगळी सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं गाडी थांबवतं, पण पेडल खूप खाली जातं आणि थांबायला अंतर बरंच जास्त लागतं.

किट, म्हणजे फक्त आतल्या रबरांचा संच, टाकायचं की अख्खा सिलिंडर? माझं मत, अख्खा. किट टाकायचंच असेल तर बोर (सिलिंडरचं आतलं भोक) आधी टॉर्च मारून बघा, आत खड्डे, गंज किंवा ओरखडे असतील तर नवी रबरंही टिकणार नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचा बोर पॉलिश पेपरने घासायच्या भानगडीत पडू नका, वरचा कडक थर निघतो. रबरांना फक्त ताजं ब्रेक ऑइल लावायचं, ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागलं की रबर फुगतं. चुकून कुणी डबीतच दुसरं ऑइल ओतलं असेल तर एकट्या सिलिंडरवर भागत नाही, सगळ्या सिस्टिममधली रबरं बदलावी लागतात.

काढताना आधी सिरिंजने डबी रिकामी करा, सेन्सरचा प्लग काढा, खाली आणि फेंडरवर जाड फडकी टाका. बाजूला पाण्याची बाटली असू द्या, रंगावर ऑइल पडलं की पुसत बसायचं नाही, आधी भरपूर पाणी ओतायचं. पाइपचे नट साध्या पान्याने सोडू नका, कोपरे गोल होतात आणि मग पाइपसकट बदलायची वेळ येते, त्यासाठी नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा फ्लेअर नटचा पाना मिळतो, तोच घ्या. सुटलेल्या पाइपांची तोंडं झाकून ठेवा. सिलिंडर आणि बूस्टरच्या मधली रिंग नवीनच टाका नाहीतर व्हॅक्युम लीक होतो.

नवा सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी बाहेरच त्याची एअर काढायची, ही पायरी गाळली तर नंतर कितीही पंप मारा, पेडल स्पंजीच राहतं. व्हाइसमध्ये सिलिंडरच्या कानाला (नट बसतात त्या पट्टीला) धरून पकडा, बोरच्या भागाला आवळू नका. आउटलेटला छोट्या नळ्या लावून त्यांची टोकं डबीतल्या ऑइलमध्ये बुडवा आणि स्क्रूड्रायव्हरने पिस्टन सावकाश दाबत राहा. आधी खळखळून बुडबुडे येतात, मग बारीक बारीक, मग बंद होतात. बंद झाल्यावरही पाच-सहा वेळा दाबा, एखादा लपलेला निघतोच.

बसवताना पाइपचे नट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून घ्या, सिलिंडर सैल असतानाच. मी एकदा सिलिंडर आधी पक्का आवळला आणि मग तिरका नट पान्याने रेटला, नव्याकोऱ्या सिलिंडरचे आटे मेले, दुसरा आणावा लागला.

ऑइल गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा डबीच्या झाकणावर लिहिलेलं असेल तेच, बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. बाटली सीलबंद हवी, कारण हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं: नवीन डॉट ४ किमान २३०° सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर तीच हद्द १५५ पर्यंत उतरू शकते.

मग चाकांची एअर. क्रम मॅन्युअलमध्ये बघा, सगळ्या गाड्यांना लांबच्या चाकापासून सुरुवात चालत नाही. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर. एकाने पेडलवर बसायचं, दुसऱ्याने चाकाजवळच्या एअर काढायच्या निपलवर. "दाब... धर..." म्हटलं की निपल उघडायचा, बंद केल्याशिवाय "सोड" म्हणायचं नाही, नाहीतर हवा परत आत. दर पाच-सहा वेळांनी डबी बघा, ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. काही एबीएसवाल्या गाड्यांना स्कॅनर लावल्याशिवाय एबीएसच्या मॉड्युलमधली एअर निघत नाही, पेडल घट्ट होतच नसेल तर तिथे संशय घ्या.

शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली जाऊन तिथेच घट्ट थांबलं पाहिजे. पहिली फेरी मोकळ्या जागेत, अगदी हळू, आणि थोडं चालवल्यावर चाकांना हात नेऊन बघा. चारही चाकं तापलेली वाटली, गाडी अडकल्यासारखी चालली, तर बूस्टरच्या पुशरॉडचं (सिलिंडरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांडीचं) अंतर चुकलंय, ते मॅन्युअलच्या मापाने सेट करा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत त्या सांध्याखाली टिश्यू दाबा, आणि लेव्हलला पेनाने खूण करून ठेवा.