फेब्रुवारीत गच्चीवर भाजी लावताय? मेथी-टोमॅटो राहू द्या, भेंडी-गवार लावा

थंडी ओसरली की नर्सरीत गर्दी सुरू होते आणि लोक आधी काय उचलतात तर टोमॅटोची रोपं नाहीतर मेथी-कोथिंबिरीचं बी. पुणे, नाशिक, नागपूरकडे राहत असाल तर आत्ता हे नको. ऊन तापलं की कोथिंबीर-पालक पानं सोडून फुलावर जातात, आणि टोमॅटोला फुलं येतात नेमकी एप्रिलच्या आसपास, पारा ३५ च्या वर गेला की ती गळतात मग झाड नुसतं हिरवंगार उभं.

आत्ताच्या भाज्या म्हणजे भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका. पालेभाजी हवीच असेल तर लाल माठ, महिन्याभरात काढायला येतो. फेब्रुवारी संपायच्या आत बी मातीत गेलंच पाहिजे, कारण एप्रिलच्या उन्हाआधी मुळं खोल गेलेली हवीत, सगळा खेळ त्याचाच आहे.

जागा पाच-सहा तास ऊन येणारी बघा. मातीने भरलेल्या ग्रो बॅगा (रोपं लावायच्या पिशव्या) जड होतात, पाणी घातल्यावर तर जास्तच, त्यामुळे स्लॅबच्या मधोमध नको, कडेने बीमवर ठेवा आणि खाली विटा द्या म्हणजे पाणी निघून जाईल. भेंडी-गवारीला १२ इंची ग्रो बॅग पुरते, वेलाला १५-१८ इंची घ्या. ऑनलाइन मिळणारं ते गार्डन किट वगैरे काही लागत नाही हो. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, तिन्ही सारखं. कोकोपीट दोनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. ताजं शेण अजिबात नको, मुळं करपतात आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, होते ती वेगळीच.

भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवा, अर्धा-पाऊण इंच खोल दोन-तीन बिया टोचा, उगवल्यावर जोमदार रोप ठेवा बाकीची कात्रीने कापा, उपटलंत तर शेजारच्याची मुळं हलतात. परभणी क्रांती ही भेंडीची जात मिळाली तर तीच घ्या, पानं पिवळी जाळीदार करणाऱ्या केवडा रोगाला ती बऱ्यापैकी तोंड देते. तरी एखादं झाड तसं दिसलंच तर जीव लावू नका, सरळ काढून टाका, पांढरी माशी तो रोग पुढे नेते. मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) आणि पांढऱ्या माशीवर निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, साबणाचे दोन थेंब टाकून, फवारायचं संध्याकाळीच.

पाणी सकाळी लवकर द्या. झाडांची पानगळ चालूच असते, तो पालापाचोळा गोळा करून बॅगेत दोन इंच पसरा, माती बराच वेळ ओली राहते. एप्रिलपासून दुपारपुरती ५० टक्केवाली ग्रीन नेट बांधा.

काकडी-दोडक्याला आधी नुसती नर फुलं येतात आणि गळतात, लोक घाबरतात, पण ते तसंच असतं. मागे इवलीशी काकडी असते ते मादी फूल. मधमाश्या फिरकत नसतील तर नर फूल तोडून त्याचे परागकण मादी फुलात हलके टेकवा, काकडीचं सकाळी, दोडक्याचं संध्याकाळी कारण त्याची फुलं तेव्हाच उमलतात.

भेंडी दीड-दोन महिन्यांत सुरू होते, मग एक दिवसाआड तोडा, चार दिवस विसरलात तर जून होते आणि झाडही पुढची फळं धरायला आळस करतं. वाण हायब्रीड नसेल तर एका चांगल्या झाडावरच्या दोन भेंड्या मुद्दाम वाळू द्या, पावसाळी लागवडीचं बी तिथेच मिळतं.