अमेरिकेत केमिस्ट्री-बायोकेमिस्ट्रीची पीएचडी करायचीय? अर्ज भरताना या चुका टाळा

नोव्हेंबर सरत आला की माझ्या फोनवर ठरावीक मेसेज सुरू होतात. ‘दादा, एक डिसेंबरची डेडलाइन आहे, एसओपी एकदा नजरेखालून घालाल का?’ घालतो. (एसओपी म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, पीएचडी का आणि कशात करायची हे सांगणारं अर्जासोबतचं निवेदन.) तालुक्याच्या कॉलेजातून बीएस्सी, मग विद्यापीठात एमएस्सी आणि तिथून अमेरिकेतल्या केमिस्ट्रीच्या पीएचडीला, असा माझाही रस्ता होता. यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

सगळ्या चुकांची मुळी एकच. आपण दहावीपासून मेरिट लिस्टवर वाढलेलो. मार्क पुरेसे असले की नाव लागणार, बाकी कागद म्हणजे नुसती पूर्तता, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तिकडे मात्र तुमची फाइल त्याच विभागातले चार-पाच प्राध्यापक वाचतात. पुढची पाच-सहा वर्षं हा माणूस आपल्या लॅबमध्ये वावरणार, असं धरूनच ते वाचतात. प्रयोग फसल्यावर तो काय करतो, पहिल्या वर्षाचे कोर्स झेपतील का, बीएसच्या पोरांसमोर उभं राहून प्रॅक्टिकल घेईल का, हे त्यांना हवं असतं. ते मार्कशीटवर छापलेलं नसतं.

आधी एक साधी, पण नेहमी अडवणारी गोष्ट: नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग आपलं, मग वडिलांचं, काही विद्यापीठांत शेवटी आईचंही. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि बाकी सगळं ‘गिव्हन नेम’मध्ये. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेला नोंदणी करताना घाईत वडिलांचं नाव गाळलेलं. झाली तीन कागदांवर तीन माणसं. मग स्कोअर अर्जाला जोडला जात नाही आणि पोर्टलवर ‘प्रलंबित’ असा लाल शिक्का दिसत राहतो. अर्ज, टोफेल, जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव टाका. मार्कशीटवरचं नाव वेगळ्या क्रमाने येतं, असं एक वाक्य ट्रान्सक्रिप्टच्या (विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकाच्या) पीडीएफसोबत जोडलं की काम भागतं.

ट्रान्सक्रिप्टच्या मागच्या बाजूला ग्रेडचा तक्ता असतो. तो स्कॅन करायला हटकून विसरतात. आणि अर्जाच्या टप्प्यावर सीलबंद पाकिटं कुरियरने पाठवू नका. बहुतेक विभागांना आधी साधी स्कॅन केलेली प्रत चालते, अधिकृत कागद प्रवेश मिळाल्यावर मागतात. विद्यापीठाच्या खिडकीवर हेलपाटे मारण्यात जाणारे ते दिवस एसओपीला द्या.

सीजीपीएचं गणित तर घरोघरी चुकतं. सातारकडच्या एका मुलाला ७.२ होता. त्याने चारने गुणून दहाने भागलं, उत्तर आलं २.८८. विभागाच्या पानावर किमान ३.० लिहिलेलं. गडी अर्जच करणार नव्हता. असं परस्पर रूपांतर करू नका. फॉर्ममध्ये मूळ स्केल विचारलं असेल तर १० पैकी ७.२ असंच भरा. चारच्या स्केलवरच हवं असेल तर त्यांनी दिलेल्या सूचनेप्रमाणे. भारतीय मार्कशीट वाचण्याची सवय असलेला एक तरी जण फाइल वाचणाऱ्या समितीत बहुधा असतोच. एखाद्या सेमिस्टरला मार्क घसरले असतील तर कारण दोन ओळींत सांगून मोकळं व्हा. दोनच ओळी, रडगाणं नको.

तीन वर्षांच्या बीएस्सीचा प्रश्न वेगळा आहे. तिकडची पदवी चार वर्षांची, त्यामुळे काही विद्यापीठं नुसत्या तीन वर्षांच्या पदवीवर अर्ज घेत नाहीत. बीएस्सीवर एमएस्सी असेल तर ही अडचण राहत नाही. नव्या धोरणातली चार वर्षांची ऑनर्सही याच हिशेबात बसते. शंका असेल तर फी भरण्याआधी विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला ईमेल करा. अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर असते. आठ ठिकाणी अर्ज केलात तर हिशेब तुमचा तुम्हीच करा. त्याच ईमेलमध्ये फीमाफीबद्दलही विचारा. विचारायला लाजणारे पैसे भरून बसतात.

आता जीआरई. अजूनही कोणी तरी जुन्या सीनियरचं ऐकून केमिस्ट्रीच्या सब्जेक्ट टेस्टचं पुस्तक घेऊन बसलेला सापडतो. ती परीक्षा २०२३ साली बंद झाली. बायोकेमिस्ट्रीची त्याहून आधी, २०१६ च्या शेवटी. जनरल जीआरईही कितीतरी विभागांनी काढून टाकली आहे. काही ठिकाणी ऐच्छिक आहे, तर काही ठिकाणी पाठवली तरी बघत नाहीत. म्हणून आधी यादी करा, मग परीक्षेचे पैसे भरा. उलट टोफेलकडे दुर्लक्ष होतं, कारण एकूण आकडा छान आलेला असतो. पण पहिल्या वर्षी तुमचा पगार बहुधा टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून निघतो, म्हणजे तुम्ही प्रॅक्टिकल घेणार. त्यासाठी स्पीकिंगची वेगळी किमान अट अनेक विद्यापीठं लावतात. रीडिंगमध्ये पैकीच्या पैकी मिळवून स्पीकिंगमध्ये अडकलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. आरशासमोर इंग्रजी बोलण्यापेक्षा एफवायच्या पोरांना टायट्रेशन इंग्रजीतून समजावून बघा. एंड पॉइंट निघून गेला की नक्की काय बिघडतं, हे सांगताना जीभ कुठे अडखळते ते लगेच कळतं.

विषय निवडतानाही गफलत होते. ‘केमिस्ट्री अँड बायोकेमिस्ट्री’ असा एकच विभाग काही ठिकाणी असतो, यूसीएलएमध्ये आहे तसा. विस्कॉन्सिन-मॅडिसनला मात्र दोन्ही वेगळे, आणि बायोकेमिस्ट्री तर कृषी व जीवशास्त्राच्या महाविद्यालयात. दुसरीकडे तीच बायोकेमिस्ट्री मेडिकल स्कूलच्या छत्राखाली असू शकते. त्यामुळे नुसतं नाव पाहून अर्ज केला तर ज्यांच्यासोबत काम करायचं ते प्राध्यापक भलत्याच प्रोग्राममध्ये निघतात. पैशाचाही फरक पडतो. बायोकेमिस्ट्रीचे बरेच विद्यार्थी एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या ट्रेनिंग ग्रँटवर असतात, आणि ती ग्रँट अमेरिकन नागरिक व कायम रहिवाशांनाच मिळते. एनएसएफ या विज्ञानाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या ग्रॅज्युएट फेलोशिपचंही तेच. म्हणून बाहेरच्या विद्यार्थ्यांना पगार कशातून मिळतो, हे सरळ विचारा. आणि कोणी स्वखर्चाची एमएस गळ्यात मारायला लागलं तर थोडं थांबा. केमिस्ट्रीच्या पीएचडीला ट्यूशन माफ होऊन वर स्टायपेंड मिळणं ही तिथली सर्वसाधारण रीत आहे, आणि पीएचडीसाठी आधी एमएस असावीच लागते असंही नाही.

प्राध्यापकांना जाणाऱ्या ईमेलबद्दल काय बोलावं! ‘रिस्पेक्टेड सर, ग्रीटिंग्ज ऑफ द डे’ पासून सुरू होऊन ‘युवर एस्टीम्ड लॅब’वर संपणारा, चाळीस जणांना एकाच दिवशी गेलेला. असा ईमेल कोणी उघडत नाही. कॅनडात किंवा जर्मनीत बऱ्याचदा गाइड आधी मिळवावा लागतो, तीच सवय इथे लावली जाते. अमेरिकेतल्या बहुतेक केमिस्ट्री विभागांत प्रवेश देते ती समिती, लॅब पहिल्या वर्षात ठरते. बायोकेमिस्ट्रीत तर काही आठवडे या लॅबमध्ये, काही आठवडे त्या, अशा रोटेशन करून. ईमेल करायचाच तर त्यांचा एखादा पेपर खरोखर वाचून एक प्रश्न विचारा आणि पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का, एवढंच.

एसओपीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण पाणी इथेच मुरतं. दहातल्या सात एसओपी लहानपणीच्या आवडीने सुरू होतात. स्वयंपाकघरातला खायचा सोडा, सातवीतले सायन्सचे सर, शेतातल्या फवारणीच्या बाटल्या. पुढे प्रोजेक्टचा एक परिच्छेद आणि त्यात तंत्रांची नावं. गेल्या वर्षी एका मुलीने लिहिलं होतं की तिने सुझुकी कपलिंग (रेणूंचे दोन तुकडे जोडणारी रिॲक्शन) केलं आणि प्रॉडक्ट एनएमआर या रेणूची रचना दाखवणाऱ्या तंत्राने तपासलं. बस्स. मी फोन लावला. म्हटलं, रिॲक्शन पहिल्या फटक्यात चालली का? ती म्हणाली, कुठली! यील्ड, म्हणजे हाती येणारं प्रॉडक्ट, तीस टक्क्यांच्या वर जाईना. टीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर) एक जादाचा ठिपका यायचा, तो होमोकपलिंगचा निघाला. बोरॉनिक ॲसिडचे दोन तुकडे एकमेकांनाच चिकटत होते. कॉलेजात ग्लोव्हबॉक्स (हवा आत न येऊ देणारी पेटी) कुठला! फुग्यात नायट्रोजन भरून अर्धा तास सॉल्व्हंटमधून सोडला, ऑक्सिजन बाहेर घालवला, आणि ठिपका फिका पडला. मग यील्ड वाढलं.

‘हे का नाही लिहिलंस?’

‘दादा, फुग्याचं काय लिहायचं?’

तेच लिहायचं. समितीतला ऑरगॅनिकवाला हे वाचताना खुर्चीत सरसावून बसतो, कारण त्यालाही तो ठिपका छळून गेलेला असतो. बायोकेमिस्ट्रीवाल्यांनी प्रोटीन इन्क्लुजन बॉडीत (पेशीतल्या न विरघळणाऱ्या गोळ्यांत) गेलं म्हणून तापमान ३७ वरून १८ अंशांवर आणलं असेल, तर ते सांगावं. आधी काय बिघडलं, तुम्हाला काय वाटलं, काय बदललंत आणि काय झालं, या क्रमाने. मग शेवटच्या परिच्छेदात दोन-तीन प्राध्यापक आणि त्यांच्या कामाशी तुमचा धागा कुठे जुळतो ते. विद्यापीठाच्या कीर्तीवर शब्द घालवू नका, ती त्यांना ठाऊक आहे.

आणि हो, एकाच्या एसओपीत दुसऱ्या विद्यापीठाचं नाव राहून जाणं. हसू नका, दरवर्षी कोणी ना कोणी करतंच.

शिफारसपत्रांचं दुखणं जुनं आहे. आपल्याकडचं पत्र म्हणजे ‘सिन्सिअर, हार्डवर्किंग अँड ओबिडियंट’ आणि शेवटी ‘बेअर्स अ गुड मॉरल कॅरॅक्टर’. हे चारित्र्याच्या दाखल्याचं इंग्रजी आहे. त्यातला ‘ओबिडियंट’ तर तिकडे उलटाच वाचला जातो: सांगितलं तेवढंच करणारा. मुलं एचओडींच्या मागे लागतात, कारण पद मोठं. पण ज्यांच्यासमोर तुम्ही सहा महिने कॉलम चालवला त्या मॅडम असिस्टंट प्रोफेसर असल्या तरी पत्र त्यांचंच घ्या. ‘तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो’ असं सर म्हणाले तर अख्खं पत्र लिहून नेऊ नका. तिन्ही पत्रांना एकाच हाताचा वास येतो आणि तो लपत नाही. त्याऐवजी एक पान मुद्दे द्या: कुठला प्रयोग, कुठली अडचण, सेमिनारला काय विचारलं गेलं. अर्जात पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असं विचारतात. तो सोडा, नाहीतर पत्राचं वजन घटतं. पत्राची लिंक थेट सरांच्या ईमेलवर जाते आणि हमखास स्पॅममध्ये पडते. तीन आठवडे आधी पाठवा आणि सरांसमोर बसून स्पॅमचा फोल्डर उघडायला लावा. इथे संकोच परवडत नाही.

डेडलाइनची वेळही नीट वाचा. रात्रीचे ११:५९ ईस्टर्न म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९. कॅलिफोर्नियाचं असेल तर दुपारी दीडच्या सुमारास. हा जास्तीचा वेळ आहे असं समजून झोपी गेलात तर पेमेंटच्या पानावर कार्ड अडकतं आणि बँकेचा ओटीपी येत नाही.

ऑफर आली की मुलं घाबरून लगेच होकार कळवतात. स्टायपेंडसह आलेल्या ऑफरवर १५ एप्रिलपर्यंत निर्णय घ्यायला वेळ देण्याचा करार तिथल्या कितीतरी विद्यापीठांनी केलेला आहे. तोवर बाकीच्या ऑफरची वाट पाहा आणि तिथल्या आपल्या मुलांशी फोनवर बोला.

आणि मग सगळ्यात महागात पडणारी चूक, जी व्हिसा मिळाल्यावर होते. मे ते ऑगस्ट पेढे, निरोपसमारंभ आणि बॅगांची वजनं. अभ्यास शून्य. ऑगस्टमध्ये पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात अनेक विभाग प्लेसमेंट परीक्षा घेतात. ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक, फिजिकल, ॲनालिटिकल, काही ठिकाणी बायोकेमिस्ट्रीही. बऱ्याच ठिकाणी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या प्रमाणित प्रश्नपत्रिका असतात. नापास झालात तर कोणी घरी पाठवत नाही, पण त्या विषयाचा कोर्स करावा लागतो. बारावीला बायॉलॉजी घेऊन गणित सोडलेले आपले बायोकेमिस्ट्रीवाले फिजिकलमध्ये हमखास सापडतात. त्यांनी कॅल्क्युलस निदान डिफरेन्शियल इक्वेशनपर्यंत घासून काढावं. एन्झाइमचा वेग सांगणारं मायकेलिस-मेंटेनचं समीकरण पाठ असणं वेगळं आणि स्थिर अवस्था धरून ते स्वतः मांडता येणं वेगळं.

त्यावर पीएचडीच्या कोर्समध्येही सरासरी ३.० राखण्याच्या अटीचा फास आहेच. आपल्याकडे साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणून खांदे थोपटतात, तिकडे बी, म्हणजे ३.०, मिळाला तर जेमतेम तरलात. दोन सारख्या क्रेडिटच्या कोर्सपैकी एकात सी प्लस, म्हणजे २.३ आला, तर दुसऱ्यात ए मायनस, म्हणजे ३.७ मिळवावाच लागतो. तेव्हा कुठे सरासरी बरोबर ३.० होते. खाली गेलात की प्रोबेशन, आणि टीएशिपही धोक्यात.

तो ७.२ वाला सातारकर अर्ज करून निवडला गेला. ऑगस्टमध्ये त्याचा मेसेज आला: ‘दादा, ऑरगॅनिक आणि ॲनालिटिकल निघाला. पीकेममध्ये (फिजिकल केमिस्ट्रीत) दांडी उडाली.’ मग त्या सेमिस्टरला तो सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी वीस वर्षांच्या पोरांसोबत बसून एंट्रॉपी शिकत होता, आणि दुपारी त्यांच्यातल्याच काहींचं प्रॅक्टिकल टीए म्हणून घेत होता.