एकाच कुटुंबाने चालवलेल्या वर्कशॉपमध्ये बाइक कस्टम करायला देताय? आधी माणसं ओळखा

बाइक कस्टम करायचं, म्हणजे आपल्या मनासारखी बदलून घ्यायचं, डोक्यात आलं की आपण आधी फोटो गोळा करतो, कॅफे रेसर की बॉबर की चॉपर, कुठल्या ढंगाची बाइक हवी यातच महिना जातो, आणि बाइक कोणाच्या हातात द्यायची हे सगळ्यात शेवटी ठरतं. माझं म्हणणं अगदी उलटं आहे, आधी माणसं बघा. त्यातही एकाच घरातले लोक वर्कशॉप चालवत असतील तर तिथे कोण काय करतं हे कळल्याशिवाय ॲडव्हान्स देऊच नका, कारण वडील, दोन मुलं, सून किंवा मुलगी एवढी माणसं म्हणजेच अख्खं वर्कशॉप असतं आणि यातल्या प्रत्येकाचा हात तुमच्या बाइकला लागणार असतो.

पहिल्या भेटीत मोबाइल खिशातच ठेवा आणि सरळ विचारा, फ्रेम कोण कापतं, वेल्डिंग कोणाचं, रंग कोण मारतं, वायरिंग कोण बघतं. मोकळी माणसं पटकन सांगतात, "टाकी बाबाच बनवतात, वायरिंग धाकट्याचं, पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरचा रंग) बाहेरून करून आणतो." बाहेरून करून आणणं यात कमीपणा काहीच नाही, भट्टी आणि प्लेटिंगचा पसारा प्रत्येकाला परवडत नाही. फक्त बाहेर देताना बेअरिंगच्या जागा आणि आटे झाकायला कोण सांगतं ते विचारून ठेवा, कारण पावडरचा थर तिथे बसला की नंतर बेअरिंग बसत नाही आणि घासाघासी सुरू होते.

फ्रेमबद्दल बोलायचं ते सगळ्यात अनुभवी माणसाशीच. पुढचं चाक लांब काढायची हौस सगळ्यांना असते, पण रेक, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या दांड्याचा उभ्या रेषेपासूनचा कल, वाढला की ट्रेल पण वाढतो; ट्रेल म्हणजे त्या दांड्याची रेघ जमिनीला जिथे टेकते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर. रस्त्यावरच्या साध्या बाइकचा रेक साधारण २४ ते २८ डिग्री आणि ट्रेल १०० मिलीमीटरच्या आसपास असतो. नुसता रेक वाढवून ठेवला तर सरळ रस्त्यावर बाइक मस्त पळते पण हळू वळवताना हँडल जड होतं आणि चाक एका बाजूला पडायला बघतं. म्हणून विचारा, "ट्रेल किती येईल?" जाणकार माणूस ट्रिपल क्लॅम्पचा, म्हणजे पुढचे दोन फोर्क धरून ठेवणाऱ्या पकडीचा, विषय काढेल, कागदावर रेघा मारून दाखवेल. "चालवून बघू मग" असं उत्तर आलं तर मी तरी तिथे फ्रेम कापायला देणार नाही. आणि कापायच्या आधी रजिस्ट्रेशनचे नियम काय म्हणतात ते स्वतः तपासा, चेसिस नंबरच्या जागी ग्राइंडर लागता कामा नये हे कामाच्या कागदावर लिहून घ्या.

एक प्रसंग सांगतो. अशाच एका घरच्या वर्कशॉपमध्ये नवीन टाकी शिवून, म्हणजे वेल्डिंगने जोडून, झाली होती, वडिलांनी सगळी तोंडं बंद केली, आत अगदी थोडी हवा भरली आणि प्रत्येक शिवणीवरून ब्रशने साबणाचं पाणी फिरवलं. मग स्टूल ओढून बसले, बोलणं बंद. थोड्या वेळाने टाकीच्या खालच्या खाचेच्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढा एक बुडबुडा आला. मुलगा म्हणाला आतून सीलर (गळती बुजवणारं लिक्विड) फिरवू, निघून जाईल. वडील नाही म्हणाले, खडूने गोल केला, तेवढी जागा घासून परत शिवली आणि परत पहिल्यापासून साबण. मुलानेच ब्रश धरला यावेळी. मला त्या अर्ध्या तासात त्या घराबद्दल जे कळलं ते कुठल्याही फोटोत दिसलं नसतं. म्हणून सांगतो, एखादी दुपार तिथे नुसते बसून बघा, मध्ये मध्ये बोलू नका, काम करू द्या.

आता घरातल्या मतभेदांचं. ते असणारच, आणि असावेत पण. कॅलिफोर्नियातले नावाजलेले कस्टम बाइक बनवणारे आर्लन नेस यांनी १९४७ च्या हार्ले नकलहेड बाइकपासून सुरुवात केली, मग मुलगा कोरी आणि नातू झॅक याच कामात आले, तीन पिढ्या आणि प्रत्येकाची नजर वेगळी. दुसरीकडे ऑरेंज काउंटी चॉपर्स या अमेरिकेतल्या बापलेकाच्या कस्टम बाइक वर्कशॉपमध्ये २००८ साली बापलेकाचं फाटलं आणि मुलाने पुढे स्वतःचं वेगळं काम सुरू केलं. गिऱ्हाईक म्हणून तुम्ही एकच करायचं, कोणाची बाजू घ्यायची नाही. वडील नाही म्हणाले म्हणून मुलाला बाजूला घेऊन गुपचूप "तू करून टाक ना" हे तर कधीच करू नका, घरात भांडण लागतं आणि त्यात बाइक अडकते. काही बदलायचं असेल तर सगळ्यांसमोर बोला, जॉब कार्डवर (कामाच्या कागदावर) तारीख टाकून लिहा, पैसे किती वाढले ते पण तिथेच.

आणि हो, हिशोब बघणारी व्यक्ती. बहुतेक घरांत आई, सून किंवा मुलगी हे सांभाळते आणि लोक तिला नुसता नमस्कार करून आत निघून जातात. पण कुठला पार्ट मागवलाय, कुठला अडकलाय, तुमच्या आधी किती बाइक उभ्या आहेत हे सगळं तिच्या वहीत असतं. बनवणारा माणूस उत्साहात "महिन्यात देतो" म्हणतो, खरी तारीख वहीतून निघते. पैसे पण टप्प्याटप्प्याने द्या, आणि टप्पा संपला की टाळाटाळ न करता लगेच द्या, त्या पैशातूनच पुढचं सामान येतं.

सगळ्यात महत्त्वाचा दिवस रंगाच्या आधीचा. अख्खी बाइक कच्च्या लोखंडातच एकदा पूर्ण जोडायला सांगा. त्यावर बसा, हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा, केबल ताणतेय का, हात टाकीला लागतोय का, गुडघे कुठे येतात, मागे कोणीतरी बसल्यावर टायर मडगार्डला घासतोय का, सगळं त्याच दिवशी बोला. रंगानंतर एक ब्रॅकेट हलवायचा म्हटलं तरी परत वेल्डिंग आणि परत रंग, आणि रंग मारणाऱ्याचा जीव तुटतो हो, त्याने कित्येक दिवस पाण्याचा पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) मारलेला असतो.

बाइक घेताना वायरिंग करणाऱ्याकडून वायरिंगचा नकाशा मागून घ्या, हाताने काढलेला चालेल, कुठल्या रंगाची वायर कुठे जाते आणि फ्यूज कुठे आहे एवढं हवं. पहिले १०० किलोमीटर सावकाश चालवा आणि परत त्यांच्याकडेच न्या, नवीन जोडलेले बोल्ट व्हायब्रेशनने ढिले होतात. ज्याने ते आवळले होते त्यालाच परत तपासू द्या, आणि चालवताना कुठे आवाज आला, कुठे गरम झालं ते कागदावर लिहून न्या.