बातमी दाबली की बसलीच नाही? फूटपट्टीने मोजा

‘त्यांची सभा पहिल्या पानावर, आमची आत सिंगल कॉलम’ ही तक्रार नाशिकच्या प्रत्येक टपरीवर ऐकू येते. ती खरी की नुसती चिडचिड, हे वही, फूटपट्टी आणि 14 दिवस हाताशी असले की तपासता येतं.

पेपर उघडून सुरुवात करू नका. बहुतेकांची मोजणी इथेच फसते, कारण जे छापलंच नाही ते पेपरात दिसणार कसं? आधी घटनांची यादी करा: महापालिकेची महासभा, गोल्फ क्लब मैदानावरच्या सभा, जिल्हाधिकारी कार्यालयावरचे मोर्चे, पक्षांच्या पत्रकार परिषदा. प्रत्येकीसमोर तारीख, संपल्याची वेळ आणि अंदाजे गर्दी लिहा. दुसऱ्या दिवशी वाचनालयात बसून तीन पेपर चाळा.

तिन्ही शहर आवृत्त्याच घ्या. तालुक्यांकडे जाणारी डाक आवृत्ती आधी छापायला जाते. रात्री साडेनऊला संपलेली सभा येवल्याच्या अंकात दिसली नाही, तर तो बहुधा छपाईच्या वेळेचा दोष. यावरून अकारण भांडणं होतात.

आता मोजणी. बातमीची रुंदी कॉलममध्ये आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा. 4 कॉलम आणि 15 सेंटिमीटर म्हणजे 60 कॉलम सेंटिमीटर. मथळा आणि फोटो त्यातच धरा. पहिल्या पानावर घडीच्या वर, म्हणजे पानाच्या वरच्या अर्ध्यात असेल तर दुप्पट करा. हा ठोकताळाच आहे, पण एकदा धरला की मध्येच बदलायचा नाही. पुढे पानभर जाहिरात असेल, तर तिच्यामागचं बातम्यांचं पान पहिलं समजा.

सत्तेतल्यांना जागा जास्त मिळणारच. मंत्र्याने पुलाचं उद्घाटन केलं, ती सरकारी बातमी. त्याच संध्याकाळी तो पक्षमेळाव्यात बोलला, ती पक्षाची. वहीत दोन रकाने ठेवा, नाहीतर सगळेच पेपर सत्ताधाऱ्यांचे ठरतील.

मथळ्यांची क्रियापदं वेगळी लिहून काढा. एकाने ‘स्पष्ट केलं’ आणि दुसऱ्याने ‘दावा केला’. ‘पोलिसांनी लाठीमार केला’ आणि ‘लाठीमार झाला’. पक्षांची नावं झाकून हे मथळे दोघांना वेगवेगळे वाचायला द्या आणि मथळा अनुकूल, प्रतिकूल की मधला हे ठरवू द्या. दोघांचं जुळेल तेवढेच हिशेबात धरा.

कांद्यावर मात्र जपून. ‘कांदा स्वस्त, ग्राहकांना दिलासा’ हा मथळा लासलगावात संताप आणतो. तो पक्षाचा कल असेलच असं नाही. बातमी शहराच्या स्वयंपाकघरातून पाहिल्याचा तो परिणाम असू शकतो. आमच्या मते हा कल जास्त मुरलेला आहे, पण त्याची नोंद वेगळी ठेवा.

शेवटी सारख्या आकाराच्या, पण वेगवेगळ्या पक्षांच्या घटनांच्या निदान पाच जोड्या लावा आणि कुणाला किती जागा मिळाली ते ताडून पाहा. तिन्ही पेपरांनी गाळलेली घटना बहुधा बातमीच्या लायकीची नव्हती. दोघांनी घेतली आणि एकानेच गाळली, तीही एकाच पक्षाची आणि वारंवार, तर संपादकांना लेखी विचारा. तारीख, आवृत्ती, पान लिहा, कात्रणं जोडा, पत्राची प्रत ठेवा. उत्तर पटलं नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाता येतं. दैनिकात छापलेल्या मजकुराबद्दलची तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत करावी लागते आणि तिच्यासोबत संपादकांशी झालेला पत्रव्यवहार मागतात.