क्लोराइड आत का बाहेर? सीएफटीआर शिकताना मी जिथं फसले

नेटची तयारी करणाऱ्या किंवा एमएस्सीला नुकत्याच लागलेल्या पोरापोरींसाठी लिहितेय. मेम्ब्रेन, ग्रेडियंट वगैरे येतं असं धरते. सीएफटीआर म्हणजे पेशीच्या मेम्ब्रेनमधलं प्रोटीन, ज्यातून क्लोराइड जातं; ते बिघडलं की सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार होतो. त्याचा जीन ७ नंबरच्या क्रोमोसोमवर, १९८९ मध्ये सापडला, प्रोटीन १४८० अमिनो ॲसिडचं, ५०८ नंबरचं फेनिलॲलनिन गळालं की घडी बिघडते आणि बहुतेक प्रोटीन मेम्ब्रेनवर पोचायच्या आधीच पेशी मोडून टाकते. हे कुठल्याही नोट्समध्ये आहे, पाठ करा आणि पुढं चला.

मी फसले ते दिशेत. क्लासच्या झेरॉक्समध्ये ओळ होती, ‘सीएफटीआर क्लोराइड बाहेर टाकतो’. त्यात एटीपी लागतो म्हटल्यावर मी तो पंपच समजून बसले, दोन वर्षं. व्हायवात मॅडमनी विचारलं, सिस्टिक फायब्रोसिसमध्ये क्लोराइड बाहेर पडत नाही म्हणतेस, मग त्या लेकराचा घाम एवढा खारट कसा? माझं तोंडच उघडलं नाही. यवतमाळहून गावाकडं येताना एसटीत रडले.

त्या हिवाळ्यात हरभऱ्याला ओलित होतं, लाईन रात्रीची, मी बॅटरी धरून बाबांसोबत. दांड फोडला तर पाणी भलत्याच सरीत शिरलं. बाबा म्हणाले, “पानी उतारालेच जाते पोरी, फावडं तू कोनीकडूनही मार.” तिथंच डोक्यात लागलं. विहिरीतून पाणी वर चढवते ती मोटर, दांडाचं तोंड फक्त वाट देते. सीएफटीआर म्हणजे ते तोंड. एटीपी लागतो तो तोंड उघडायला, क्लोराइड ढकलायला नाही.

आता फुफ्फुसाच्या नळीतली पेशी घ्या. रक्ताच्या बाजूनं एनकेसीसी१ नावाचा ट्रान्सपोर्टर क्लोराइड आत भरून ठेवतो, म्हणून उतार, म्हणजे ग्रेडियंट, हवेच्या बाजूला, चॅनल उघडला की क्लोराइड बाहेर, मागं पाणी, चिकट थर पातळ राहतो. चॅनल बंद तर कफ घट्ट, त्यात जंतू घर करतात. घामाच्या नळीत उलटं. ग्रंथीतून निघालेला घाम आधी रक्ताइतकाच खारट असतो, नळीतून वर येताना सोडियम ईनॅक या सोडियमच्या चॅनलमधून परत आत ओढलं जातं आणि क्लोराइड त्याच्यामागं सीएफटीआरमधून आत येतं. तोच बंद, तर क्लोराइड घामातच राहिलं, आणि सोडियमही. म्हणून तर घामातलं क्लोराइड मोजतात, ६० मिलिमोल प्रति लिटर किंवा वर गेलं की या आजाराचंच निदान धरतात. चॅनल एकच, उतार वेगळा. परत वाचा हा पॅरा, खरंच वाचा.

एका ओळीच्या शॉर्टकट नोट्स विकणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो जाणार नाही. अर्धी ओळ कोऱ्या पानापेक्षा वाईट, कारण आपल्याला येतं असं वाटत राहतं. गाईड निवडताना नाव पाहू नका, कागद पुढं सरकवून “काढून दाखव” म्हणणारा माणूस शोधा. मला तशी एक सीनियर ताई भेटली, तिनं एकाच पेशीचं चित्र माझ्याकडून अकरा वेळा काढून घेतलं.

इंग्रजी पुस्तक जड जातं म्हणून घाबरू नका, झेडपीच्या शाळेतून आलेल्या मलाही एका पानाला आधी दोन तास लागायचे, आता वीस मिनिटं लागतात. पण दिशा न समजता पुढं गेलात तर मेम्ब्रेन ट्रान्सपोर्टचा प्रत्येक प्रश्न चुकेल, हेही सांगून ठेवते.

आजच्यासाठी एक काम. कॉलऱ्याचं टॉक्सिन आतड्यातला हाच चॅनल उघडा ठेवतं. पेशी काढा, दोन्ही बाजू लिहा, उतार कुठं ते ठरवा, बाण मारा, आणि मगच पुस्तक उघडा.