ब्रिज: विचार जरूर करा, पण तो भिडूला कळू देऊ नका. या चुका टाळा

मेंढीकोट खेळत मोठे झालेले पुष्कळ लोक पुढे ब्रिजकडे वळतात. हुकूम, उतारी, भिडू, हात हे सगळं ओळखीचं असल्यामुळे खेळ लवकर अंगवळणी पडतो. अडतं ते वेळेपाशी आणि वागण्यापाशी. घरच्या डावात एक्का आपटला किंवा भिडूकडे बघून भुवया उडवल्या तर कुणाला फारसं वावगं वाटत नाही. ब्रिजमध्ये मात्र भिडूशी बोलायच्या वाटा दोनच: तुमची बोली (किती हात करणार आणि हुकूम कोणता हे सांगणं) आणि तुमचं पान. बोली किती वेळाने आली, पान किती जोरात पडलं, कोणता प्रश्न कोणत्या सुरात विचारला, यातून भिडूला जे कळतं ते नियमाबाहेरचं. डुप्लिकेट ब्रिजच्या (वाटलेले तेच हात वेगवेगळ्या टेबलांवर खेळवून तुलना करण्याचा प्रकार) २०१७ च्या नियमावलीतली १६ आणि ७३ ही कलमं याच विषयावर आहेत. ती नीट समजली तर क्लबातली बरीच भांडणं सुरूच होणार नाहीत.

थांबलेल्यालाच दोषी धरणं

सगळ्यात जास्त कटुता याच चुकीतून येते. बोलीच्या वेळी कुणी बराच वेळ थांबला की प्रतिस्पर्धी लगेच त्याच्यावर चिडतात. पण विचार करणं हा नियमभंग नाही. सगळ्या बोली एकाच गतीने याव्यात हे चांगलंच, तरी अवघड हात आला तर माणूस थांबणारच, आणि नकळत गती बदलली म्हणून नियमावली त्याला दोष देत नाही. बंधन येतं ते त्याच्या भिडूवर.

समजा, विरुद्ध बाजूने चार बदाम बोली लावली. तुमचा भिडू बराच वेळ घुटमळतो आणि शेवटी पास करतो. पुढचा पास करतो आणि पाळी तुमच्यावर येते. तुमचा हात मधला आहे, म्हणजे डबल (समोरच्यांच्या बोलीचे गुण दुप्पट करायला सांगणं) किंवा चार इस्पिक बोलता येईल, पण पासही सहज करता येईल. भिडूच्या थांबण्याने तुम्हाला कळलंय की त्याच्याकडे काहीतरी आहे. अशा वेळी तुमच्या पातळीच्या खेळाडूंनी ज्याचा गंभीरपणे विचार केला असता, आणि त्यातल्या काहींनी जो निवडलाही असता, असा दुसरा पर्याय उपलब्ध असेल, तर थांबण्याने सुचवलेला पर्याय तुम्हाला घेता येत नाही. पास करावा लागतो. मन मानत नाही, कारण "मी तर बोलणारच होतो" हे बोलणाऱ्याला अगदी खरं वाटत असतं. पण डायरेक्टर, म्हणजे स्पर्धेतला पंच, तुमच्या मनात काय होतं ते तपासत नाही. समोर कोणते पर्याय होते एवढंच तो पाहतो. म्हणूनच त्याने गुण बदलले तर तो तुमच्या प्रामाणिकपणावरचा शेरा समजू नये.

हात इतका भक्कम असेल की पास कुणीच केला नसता, तर खुशाल बोला. भिडू थांबला म्हणून गप्प बसण्याची सक्ती तुमच्यावर नाही.

विचार करण्यासारखं काही नसताना थांबणं

इथे मात्र थांबणाराच जबाबदार असतो. रंगाचं एकच पान हातात असताना पान टाकण्याआधी घुटमळणं हे ठरलेलं उदाहरण. त्याहून नाजूक प्रसंग असा: डमीत (डिक्लेअररच्या भिडूची टेबलावर उघडी मांडलेली पानं) बदामचा राजा आणि गुलाम आहेत आणि डिक्लेअरर, म्हणजे बोली जिंकून डाव खेळणारा, हातातून लहान बदाम खेळतो. मधल्या खेळाडूकडे एक्का असेल तर डमीतून राजा लावायचा, राणी असेल तर गुलाम. मधल्याकडे फक्त राणी आहे, तरी तो दोन श्वास थांबतो. डिक्लेअरर समजतो की एक्का याच्याकडेच आहे, राजा लावतो आणि मागचा एक्का तो मारून नेतो. राणी घेऊन थांबायला खेळाच्या दृष्टीने काहीच कारण नव्हतं, आणि डिक्लेअररची फसगत होईल हे त्याला कळू शकलं असतं. अशा वेळी डायरेक्टर गुण बदलून देतो. "लहान पानांतलं कोणतं टाकू याचा विचार करत होतो" हे कारण सहसा टिकत नाही. समोरच्याच्या थांबण्यावरून अंदाज बांधायला तुम्हाला पूर्ण मुभा आहे, मात्र तो अंदाज चुकला तर जोखीम तुमचीच. समोरचा विनाकारण थांबला असेल तरच तक्रारीला जागा असते.

यावरचा उपाय सोपा आहे. डमी उघडली की पहिल्याच हाताला सगळा विचार उरका. डमीत राजा-गुलाम दिसले की त्या रंगात तुम्ही काय करणार हे तेव्हाच ठरवून ठेवा. डिक्लेअररनेही डमीतून पहिलं पान मागण्याआधी वेळ घ्यावा, म्हणजे इतर तिघांनाही तो मिळतो.

घाईचा पास

उशिरा आलेल्या बोलीबद्दल सगळे बोलतात, पण झटपट पासही तितकाच बोलका असतो. "माझ्याकडे काहीच नाही, मला विचारू नकोस" असा त्याचा अर्थ भिडूला लगेच कळतो. उडी मारून, म्हणजे मधल्या पातळ्या सोडून, बोली लावली जाते तेव्हा हे जास्त होतं. स्टॉप कार्डाची पद्धत यासाठीच आली. उडीची बोली लावणारा स्टॉप कार्ड ठेवतो, साधारण १० सेकंदांनी उचलतो, आणि त्याच्यानंतरचा खेळाडू तोवर थांबतो. त्या वेळात छताकडे बघत बसू नका, हातातली पानं बघा. हात रिकामा असो की भरलेला, थांबणं सारखंच दिसायला हवं. उत्तर अमेरिकेत आता स्टॉप कार्ड वापरत नाहीत, पण उडीनंतर थांबण्याची अपेक्षा तिथेही आहे.

याच कारणासाठी बोलीच्या पेटीवर (बोलीची कार्डं ठेवलेली असतात ती) बोटं फिरवू नका. डबलच्या कार्डापाशी गेलेलं बोट पासवर वळलं तर भिडूला सगळं कळून चुकतं. आधी ठरवा, मग पेटीला हात लावा. चुकून भलतंच कार्ड निघालं तर भिडूने पुढची बोली लावेपर्यंत डायरेक्टरच्या परवानगीने ते बदलता येतं. विचार बदलला म्हणून ते बदलता येत नाही.

पहिली उतारी आणि प्रश्न

पहिली उतारी पालथी ठेवा आणि भिडूला "काही विचारायचंय?" असं विचारून मगच उलटा. यात भिडूला उतारी न सुचवता त्याचे प्रश्न विचारता येतात. शिवाय चुकीच्या खेळाडूने उतारी केली असेल तर पालथं पान डायरेक्टरच्या सांगण्यावरून परत घेता येतं. तेच पान उघडं पडलं असेल तर डिक्लेअररला पाच पर्याय मिळतात आणि तुमचा बचाव तिथेच खिळखिळा होऊ शकतो.

बोलीचा अर्थ आपली पाळी आल्यावरच विचारा, आणि तोही ज्याने बोली लावली त्याच्या भिडूला. भिडूने तुमच्या बोलीचा अर्थ चुकीचा सांगितला तर चेहरा बदलू नका, लगेच दुरुस्तीही करू नका. दुरुस्तीची वेळ ठरलेली आहे. डिक्लेअररच्या बाजूने शेवटच्या पासनंतर, पहिल्या उतारीआधी, डायरेक्टरला बोलावून सांगायचं. बचावाच्या बाजूने डाव पूर्ण संपल्यावर. पुष्कळ प्रामाणिक खेळाडू इथे घाई करतात आणि न बोलता आपल्याच भिडूला सावध करून बसतात.

रंग असून दुसरं पान

चालू रंगाचं पान असूनही दुसऱ्या रंगाचं टाकलं गेलं, आणि तुम्ही किंवा तुमच्या भिडूने पुढच्या हाताचं पान खेळण्याआधी ते लक्षात आलं तर चूक सुधारा, सुधारलीच पाहिजे. नंतर लक्षात आलं तर साधारणपणे एक किंवा दोन हात समोरच्या बाजूला जातात. मागचा हात परत बघायचा असेल तर आपलं पान पालथं करू नका. ते उघडं आहे आणि पुढच्या हाताचं पान तुमच्या बाजूने खेळलेलं नाही, तोवर सगळ्यांची पानं पाहता येतात.

डायरेक्टर उशिरा बोलावणं

प्रतिस्पर्धी थांबला आणि त्याचा परिणाम होईल असं वाटलं तर त्याच क्षणी, शांतपणे विचारा: "थोडा वेळ गेला, हे मान्य आहे ना?" सगळ्यांनी मान्य केलं तर डायरेक्टरला नंतर बोलावण्याचा हक्क राखून ठेवला, एवढं सांगून पुढे खेळा. प्रतिस्पर्ध्यांना मान्य नसेल तर डायरेक्टरला तिथल्या तिथे बोलवायचं काम त्यांचं आहे. डाव संपल्यावर, गुण लिहून झाल्यावर "तू थांबला होतास" असं म्हणण्यात अर्थ नसतो. तेव्हा कुणालाच नीट आठवत नसतं आणि डायरेक्टरसमोर चौघांच्या चार हकिकती येतात.