बिघाड नाही तरी गाडी नापास? इन्स्पेक्शनआधी ‘नॉट रेडी’ मॉनिटर कसे तयार करावेत

सहा आठवडे भारतात राहून परत आलो, तर न्यू जर्सीत, एडिसनच्या घरी ड्राइव्हवेत उभ्या गाडीची बॅटरी पार बसलेली. नवी टाकली, गाडी झटक्यात सुरू झाली. काचेवरच्या इन्स्पेक्शनच्या स्टिकरची मुदत संपत आली होती, म्हणून दोन दिवसांनी थेट इन्स्पेक्शनला, म्हणजे सरकारी तपासणीला, नेली. तिथल्या माणसाने स्टिअरिंगखाली वायर जोडली, स्क्रीनकडे पाहिलं आणि गाडी नापास केली. चेक इंजिनचा दिवा पेटलेला नव्हता, बिघाड कसलाच नव्हता. कागदावर एवढंच होतं: मॉनिटर ‘नॉट रेडी’.

पीयूसीची सवय असलेल्याला हे चटकन उमगत नाही. पीयूसीत सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात. न्यू जर्सीत १९९६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत थेट गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारतात की बाबा, तू स्वतःला तपासलंस का आणि काय सापडलं? धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, टाकीतल्या पेट्रोलच्या वाफा अडवणारी इव्हॅप यंत्रणा, काही गाड्यांत थोडा धूर पुन्हा इंजिनात वळवणारी ईजीआर यंत्रणा, अशा प्रत्येकाची वेगळी तपासणी असते. तिलाच मॉनिटर म्हणतात. बॅटरी काढली किंवा स्कॅनरने बिघाडाचे कोड पुसले की या तपासण्यांची नोंदही पुसली जाते. मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) यासारख्या काही तपासण्या इंजिन चालू असताना सतत होतच असतात. बाकीच्या मात्र ठरावीक परिस्थिती जुळून आल्याशिवाय सुरूच होत नाहीत, आणि घर ते मेट्रोपार्क स्टेशन एवढ्याच रोजच्या फेऱ्यांत ती जुळणं कठीण.

म्हणून पहिलं काम, स्वतः बघून घ्या. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या या स्वतपासणी यंत्रणेचं, सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा साधा रीडर लावला की फोनवर प्रत्येक मॉनिटरपुढे तयार की अपुरा ते दिसतं. रीडर नसेल तर कित्येक होंडा आणि फोर्ड गाड्यांत एक सोपी युक्ती चालते: इंजिन सुरू न करता चावी ‘ऑन’वर ठेवा. पंधरा-वीस सेकंदांनी चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला तर काहीतरी बाकी आहे, न लुकलुकता स्थिर राहिला (फोर्ड) किंवा विझला (होंडा) तर सगळं पूर्ण.

रीडरवर ‘पेंडिंग’ कोड, म्हणजे अजून दिवा न पेटवलेल्या बिघाडाची खूण, दिसला तर आधी तो दुरुस्त करून घ्या. आणि इन्स्पेक्शनच्या आठवड्यात ‘एकदा कोड पुसून टाकू’ हा मोह टाळा. पुसलात की पाटी कोरी, पुन्हा श्रीगणेशा.

सगळेच मॉनिटर हिरवे व्हायला हवेत असं नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. न्यू जर्सीत १९९६ ते २००० च्या मॉडेलला दोन आणि २००१ पासूनच्या गाड्यांना एक मॉनिटर अपुरा असला तरी चालतो. कॅलिफोर्नियात नियम कडक आहे: २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीचा फक्त इव्हॅप बाकी राहिलेला चालतो. तसाही इव्हॅप सगळ्यात हट्टी. अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रातून होणारी गळतीसुद्धा त्याला पकडायची असते, त्यामुळे टाकी काठोकाठ भरलेली किंवा अगदी रिकामी असली, बाहेर कडाक्याची थंडी असली की तो तपासणी पुढे ढकलतो.

आता तयारी. टाकी पाव ते पाऊण यांच्यामध्ये ठेवा, झाकण ‘टक टक’ आवाज येईपर्यंत घट्ट पिळा आणि काम होईपर्यंत पेट्रोल भरू नका. गाडी रात्रभर, निदान आठ तास, बंद राहू द्या. इंजिन पूर्ण गार असणं ही इव्हॅपसारख्या काही तपासण्यांची पहिली अट आहे.

सकाळी सुरू केल्यावर एसी आणि मागच्या काचेचा हीटर लावून दोन-तीन मिनिटं जागेवरच चालू ठेवा. मग दोन्ही बंद करून हायवेला लागा. ताशी ५५ मैलांवर क्रूझ कंट्रोल लावा आणि पाचेक मिनिटं वेग हलू देऊ नका. इथेच कॉम्प्युटर कन्व्हर्टरच्या आधीचा आणि नंतरचा ऑक्सिजन सेन्सर ताडून बघतो. कन्व्हर्टर नीट काम करत असेल तर मागच्या सेन्सरचं रीडिंग संथ राहतं, पुढच्यासारखं वरखाली नाचत नाही.

मी रविवारी सकाळी ब्रिजवॉटरच्या बालाजीला जायच्या निमित्ताने २८७ नंबरचा हायवे धरला. देवदर्शनही झालं, मॉनिटरही झाले. पुढची पायरी जरा विचित्र वाटते: अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि ब्रेक न लावता, गियर ‘डी’मध्येच ठेवून गाडीला आपोआप २० मैलांपर्यंत मंदावू द्यायचं. अशा वेळी इंजिनाला जाणारं पेट्रोल काही क्षण बंद होतं आणि काही तपासण्यांना नेमकं तेच हवं असतं. हे गर्दीत अजिबात करू नका. मागे कुणी नसताना, मोकळ्या बाजूच्या रस्त्यावर करा. आम्ही केलं तेव्हा शेजारी बसलेली बायको नसलेला ब्रेक पायाने दाबत होती. पुन्हा वेग घ्या, पुन्हा पाच मिनिटं स्थिर चालवा, पुन्हा मंदावू द्या.

प्रत्येक कंपनीचा क्रम थोडा वेगळा असतो, म्हणून मॅन्युअल चाळून घ्या. एकाच फेरीत सगळं झालं नाही तर घाबरू नका. पूर्ण झालेला मॉनिटर गाडी बंद केल्यावरही पूर्णच राहतो. माझ्या गाडीला तीन सकाळी लागल्या. इव्हॅप तरीही अपुराच होता, पण तो तसाच ठेवून गेलो आणि स्टिकर मिळाला.

आठवडाभर असं चालवूनही काहीच सरकलं नाही, तर तापमानाच्या काट्याकडे बघा. एका मित्राने जानेवारीत २८७ वर पाच दिवस हेलपाटे घातले. शेवटी लक्षात आलं, काटा मध्यापर्यंत चढतच नव्हता आणि हीटरची हवाही कोमटच येत होती. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं तापमान राखणारी झडप, उघडा अडकला होता. इंजिन पुरेसं तापतच नव्हतं, मग तपासण्या सुरू कुठून होणार? थर्मोस्टॅट बदलला आणि दुसऱ्याच दिवशी कन्व्हर्टरचा मॉनिटर हिरवा झाला.